डावीकडचं स्टिअरिंग

आमच्या कोकणातल्या मुसलमान वाड्यावस्त्यांत काही शब्द असे आहेत की ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत, तरी पाचवीतल्या पोराला त्यांचा अर्थ पाठ असतो. इकामा म्हणजे तिथं राहण्याचा परवाना. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तो परवाना मिळतो तो मालक. खुरूज म्हणजे देश सोडण्याचा शिक्का. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. ‘माझे वडील’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला की निम्म्या वह्यांमध्ये हे शब्द येतात. फोनवरचं मोठ्यांचं बोलणं ऐकून मुलांनी ते उचललेले असतात.

याच यादीतला आणखी एक शब्द म्हणजे इस्तिमारा. सौदी अरबस्तानात गाडीच्या नोंदणीच्या कार्डाला इस्तिमारा म्हणतात. आपल्याकडे ज्याला आर.सी. बुक म्हणतात तेच.

आखातातून परतलेल्या माणसांविषयी आपल्याकडे थोडंफार लिहिलं गेलं आहे. कुलूप लावलेली मोठी घरं, वाट पाहणाऱ्या बायका, बापाला पाहुण्यासारखी बिचकणारी मुलं हे सगळं त्यात येतं. त्यांच्या गाडीविषयी मात्र कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. गाडी ही चैनीची वस्तू, तिचं कसलं दुःख, असं वाचकांना वाटणं साहजिक आहे. पण म्हातारपणी देश बदलणाऱ्या माणसाला आपली गाडी जवळ ठेवायची झाली, तर किती सरकारी दारं ठोठवावी लागतात, आणि त्या दारांवर त्याला नेमकं काय विचारलं जातं, हे मी आमच्या मामूंच्या निमित्तानं जवळून पाहिलं. ते सांगण्यासाठी हा लेख.

मामू १९८९ साली सौदीला गेले. वय तीस, शिक्षण उर्दू सातवी, हातात मेकॅनिकचं काम. जुबैल या औद्योगिक शहरात एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी जवळजवळ एकोणतीस वर्षं काढली. पहिली वीस वर्षं ते एकटेच होते, सहाजणांच्या खोलीत. पुढं हुद्दा वाढला, फॅमिली व्हिसा मिळाला आणि मामी आणि दोन्ही मुलं तिकडं गेली. त्यानंतर २०११ साली मामूंनी एक टोयोटा कॅमरी घेतली. तिथं ही चैन नव्हती. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, घरापासून शाळा आणि शाळेपासून बाजार सगळं लांब, आणि त्या काळी बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती. गाडी नसलेल्या घरातल्या बाईला दवाखान्यात जायचं तर नवऱ्याच्या सुट्टीची वाट पाहावी लागे. त्याच गाडीतून मामूंनी घरच्यांना तीनदा उमऱ्याला नेलं. जुबैल ते मक्का म्हणजे तेराशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. मामी अजून सांगतात, मागच्या सीटवर भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन त्या वाळवंटातून गेल्या.

मग १ जुलै २०१७ पासून सौदी सरकारनं परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी दरमहा शंभर रियाल असा कर लावला. तो दरवर्षी शंभरानं वाढत २०२० मध्ये चारशेवर जाणार हे तेव्हाच जाहीर झालं होतं. मामी आणि दोन मुलं, म्हणजे पहिल्या वर्षी महिना तीनशे, दुसऱ्या वर्षी सहाशे, शेवटी बाराशे. इकाम्याचं नूतनीकरण करताना वर्षाची रक्कम आगाऊ भरायची. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं त्या दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळून परत आली, त्याचं एक मोठं कारण हा हिशोब होता. २०१८ च्या रमजानआधी मामूंनीही ठरवलं, बस झालं. वय एकोणसाठ, साखरेचं दुखणं जडलेलं. आता गावी जाऊन राहायचं.

सामानाची यादी करायला घेतल्यावर त्यांनी मला फोन केला. “बेटा, माझी गाडी तिकडं आणता येते का बघ ना जरा.”

हे काम माझ्याकडं यायचं कारण उघड आहे. गावात कुणाचाही अरबी कागद आला की तो उर्दूच्या शिक्षिकेकडं येतो. उर्दू येतं म्हणजे अरबी येणारच, असा लोकांचा समज आहे. खरं तर मला अक्षरं वाचता येतात आणि उर्दूत आलेले शब्द तेवढे कळतात. बाकी सगळं अंदाजानं. मामूंनी इकामा आणि इस्तिमारा या दोन्ही कार्डांचे फोटो पाठवले. मी ते शेजारी शेजारी ठेवून वाचायला बसले. दोन्हींवर मामूंचं नाव होतं. इकाम्यावर नावाच्या खाली आणखी एक नाव होतं, काम देणाऱ्याचं. त्या नावाशिवाय इकामा पुरा होत नाही. इस्तिमाऱ्यावर दुसरं नाव नव्हतं. मामूंच्या नावाशेजारी एकच शब्द होता आणि तो मला कोशाशिवाय कळला: मालिक.

एकोणतीस वर्षांत त्या देशानं मामूंना दिलेल्या कागदांपैकी तेवढ्या एकावर ते मालक होते. खोली कंपनीची, नोकरी कफिलाच्या मर्जीची, जमीन-घर तर त्यांच्यासारख्याच्या ऐपतीबाहेरचं आणि कायद्यानंही अवघड. स्वतःच्या नावावर काय, तर ही गाडी. मामू मॉडेलविषयी, तिच्या इंजिनाविषयी बोलत. या शब्दाविषयी ते कधी बोलले नाहीत. पण ती आणण्याचा त्यांचा हट्ट मला त्या दिवशी समजला.

मग मी नियम शोधायला लागले. परदेशातून वापरलेली मोटार भारतात आणायच्या अटी अशा आहेत. गाडी बनवल्याला तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा. स्टिअरिंग उजवीकडं असावं. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये असावा. समोरचे दिवे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे असावेत. पुढची किमान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्यालायक असल्याचा दाखला हवा, आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या चाचणी संस्थेची तपासणी हवी. गाडी फक्त मुंबई बंदरातून यायला हवी. एवढं जमलं की मग जकात. वापरलेल्या गाडीवरचे सगळे कर धरले तर ते गाडीच्या किमतीहून जास्त होतात. कायमचं राहायला परतणाऱ्यांना घरसामानावर जी सवलत मिळते, तीत फ्रिज बसतो, धुलाई यंत्र बसतं. मोटार बसत नाही.

मामूंची गाडी सात वर्षांची होती. आणि सौदीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, त्यामुळं तिचं स्टिअरिंग डावीकडं. काटा तेवढा किलोमीटरमध्ये होता.

मी हे फोनवर सांगितलं तेव्हा मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मुंबईचा एक एजंट म्हणतोय, स्टिअरिंग बदलून देतो.” मी म्हटलं, मामू, गाडी बनवणाऱ्यानं जशी बनवली तशीच ती नोंदली पाहिजे, त्यात असा मूलभूत बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला चालत नाही, आणि स्टिअरिंग बदललं तरी गाडीचं वय कोण बदलणार? त्यावर ते हसले. “माझं पण नाही बदलता येत,” म्हणाले.

न्यायानं बोलायचं तर यातला एकही नियम वेडगळ नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर एस.टी.च्या मागं अडकलेल्या माणसाला पुढं जायचं असेल तर समोरून काय येतंय ते उजवीकडं बसलेल्यालाच दिसतं. डावीकडं बसलेला आंधळेपणानंच गाडी बाहेर काढणार. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात डाव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी वेगळं १२० वं कलम आहे: वळण्याची खूण देणारं यांत्रिक किंवा विजेचं साधन चालू स्थितीत असल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणायची नाही. आणि तीन वर्षांची अट नसती, तर श्रीमंत देशांनी टाकून दिलेल्या जुन्या गाड्यांचा ढीग आपल्या बंदरात लागला असता. प्रत्येक नियमाला कारण आहे. मामूंची अडचण अशी होती की ही सगळी कारणं एकाच वेळी त्यांच्यापाशी येऊन थांबली.

केरळात दुबईच्या नंबरप्लेटच्या गाड्या फिरताना दिसतात, असं मामूंच्या एका मलबारी मित्रानं त्यांना सांगितलं होतं. ते खरं आहे. त्या गाड्या ज्या कागदावर येतात त्याला कार्नेट म्हणतात. त्याला गाडीचा पासपोर्टच म्हणा. १९५४ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं एक करार झाला. परदेशी फिरायला जाणाऱ्यानं आपली खासगी गाडी जकात न भरता तात्पुरती सोबत न्यावी, एवढाच त्याचा हेतू. कार्नेट एका वर्षाचं असतं. आपल्या देशातल्या मोटार संघटनेकडं मोठी हमी ठेवायची, मग ते पुस्तक मिळतं. गाडी देशात आली की सीमेवरचा अधिकारी त्यातला एक तुकडा फाडून घेतो, बाहेर गेली की दुसरा. गाडी मुदतीत बाहेर गेली नाही तर त्या हमीतून जकात वसूल होते. भारतात अशी गाडी साधारण सहा महिने ठेवता येते.

हेही मी मामूंना समजावून सांगितलं. पण कार्नेटची मूळ अटच अशी, की गाडीचा मालक त्या देशात पाहुणा असला पाहिजे. राहतो एकीकडं आणि फिरायला आलाय दुसरीकडं, अशा माणसासाठी ही सोय. मामूंना गावी पाहुणा म्हणून यायचं नव्हतं. एकोणतीस वर्षं ते दर दोन वर्षांनी दोन महिन्यांच्या सुट्टीवर पाहुण्यासारखेच येत होते, तेव्हा त्यांच्याकडं कार्नेटचे पैसे नव्हते. आता कायमचे येणार, तर कार्नेटचा हक्क नाही.

एव्हाना माझ्या लक्षात आलं, की कागद वेगवेगळे असले तरी प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारला जातोय. गाडी कुठली, कितीची, हे पुढचं. पहिला प्रश्न गाडीच्या मालकाला असतो: तुम्ही राहता कुठं? ज्याला याचं सरळ उत्तर देता येतं त्याचं काम होतं. ज्याचं आयुष्य दोन देशांत वाटलं गेलंय त्याची गाडी अडते.

मामूंसाठी वाचता वाचता मला दिसलं, की हा प्रश्न गोऱ्यांनाही सुटलेला नाही. अमेरिका आणि कॅनडातली पुष्कळ माणसं निवृत्त झाली की मेक्सिकोत राहायला जातात. तिथं चपाला नावाच्या मोठ्या सरोवराकाठी त्यांच्या वस्त्याच आहेत. हवा चांगली, पेन्शन पुरतं. येताना ते आपली गाडी घेऊन येतात. ती तात्पुरत्या परवान्यावर येते आणि तिच्या वयाप्रमाणं दोनशे ते चारशे डॉलर अनामत तिथल्या लष्कराच्या बँकेत ठेवावी लागते. माणसाकडं तात्पुरत्या रहिवाशाचं कार्ड आहे तोवर हा परवानाही चालतो. पण ते कार्ड जास्तीत जास्त चार वर्षं. पुढं राहायचं तर कायमचा रहिवासी व्हायचं. आणि २०१२ च्या नोव्हेंबरात नवे नियम आल्यापासून कायमच्या रहिवाशाला परदेशी नंबरची गाडी ठेवता येत नाही. सीमेजवळचे काही पट्टे सोडले तर सगळीकडं हेच. गाडी देशाबाहेर न्या, नाहीतर सगळे सोपस्कार करून मेक्सिकन करून घ्या. म्हणजे माणूस तात्पुरता असेपर्यंत गाडी त्याची. त्या मातीत कायमचं राहायचं ठरवलं की गाडी परकी.

स्पेनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या निवृत्त इंग्रजांचं दुखणं वेगळं. २०२० संपेपर्यंत त्यांचा देश युरोपीय संघाच्या नियमांत होता. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडहून स्पेनला गाडी नेणं म्हणजे परक्या देशातून आयात झाली. घर हलवणाऱ्याला जकातीतून सूट आहे, पण ती मोजूनमापून: गाडी आधीच्या घरी किमान सहा महिने वापरलेली असावी, माणूस सलग बारा महिने संघाबाहेर राहिलेला असावा, आणि सूट घेतल्यावर पुढचे बारा महिने गाडी विकायची नाही, कुणाला वापरायलाही द्यायची नाही. इंग्लंडच्या गाडीचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडं, स्पेनमध्ये डावीकडं. तरी स्पेन ते चालवून घेतो. समोरचे दिवे तेवढे बदलायला लावतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडत नाही.

हे वाचून मला मामूंच्या वतीनं थोडा हेवा वाटला. त्रास त्यांनाही आहे, रांगा त्यांनाही आहेत. पण एक फरक मोठा आहे. चपालाच्या काठावर राहायला गेलेल्या माणसानं तो देश स्वतः निवडला. म्हातारपण कुठं घालवायचं हे ठरवायचा हक्क त्याच्याकडं होता. आखातातल्या आपल्या माणसाला तो हक्क नाही. जवानी तिथं, म्हातारपण इथं, हे करार करतानाच ठरलेलं. अलीकडं थोडी दारं उघडली आहेत, नाही असं नाही. सौदीनं २०१९ मध्ये कफिलाशिवाय राहता येईल असा विशेष इकामा काढला. तेव्हा त्याची फी होती वर्षाला एक लाख रियाल, कायमचा हवा तर आठ लाख. दुबईनं पंचावन्नच्या पुढच्यांसाठी पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा सुरू केला, पण त्याला मोठी बचत, घर किंवा भक्कम मासिक उत्पन्न लागतं. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकसाठी ही दारं लांबून बघायची.

आणायचा मार्ग नाही म्हटल्यावर गाडी विकायची ठरली. त्यातही एक गोष्ट मला नव्यानं कळली. सौदी कायमची सोडताना जो शिक्का मिळतो, त्याला खुरूज निहाई म्हणतात. तो मिळाला की साठ दिवसांत देश सोडायचा. तो मिळण्याआधी वाहतुकीचा एकही दंड बाकी असता कामा नये. २०१० पासून तिथं ‘साहेर’चे कॅमेरे लागले आहेत, त्यामुळं वेगाचे दंड कुठंतरी साठलेले असायचे. आणि दुसरी अट, माणसाच्या नावावर गाडी असता कामा नये. आधी मालकी सोडायची, मग देश सोडता येतो.

मामूंनी गाडी वर्कशॉपमधल्याच एका पेशावरच्या माणसाला दिली. घाईचा सौदा, भाव पडलाच. सरकारी नोंदीत नाव बदललं आणि त्यांच्याकडचा इस्तिमारा रद्द झाला. हे घडलं ईदनंतरच्या दिवसांत. त्याच आठवड्यात, २४ जून २०१८ रोजी, सौदी अरबस्तानात बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली. मामी तेव्हा घरात खोकी बांधत होत्या. टीव्हीवर गाडी चालवणाऱ्या बायका दाखवत होते आणि दाराशी स्वतःची गाडी नव्हती. शेवटचे पाच-सहा आठवडे ते चौघंही दुसऱ्यांच्या गाडीनं, नाहीतर टॅक्सीनं फिरले. विमानतळावरही एका शेजाऱ्यानं सोडलं.

गावी आल्यावर दुसरा अंक सुरू झाला. मामूंनी चिपळूणहून एक जुनी वॅगन-आर घेतली. पण सौदीचं लायसन्स इथं कायमचं राहणाऱ्याला कसं चालणार? आणि भारतातलं लायसन्स त्यांनी कधी काढलंच नव्हतं, गाडी ते तिकडंच शिकले होते. एकोणसाठाव्या वर्षी मामू शिकाऊ लायसन्सच्या रांगेत उभे राहिले, त्यांच्या मागंपुढं कॉलेजची पोरं. चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म १-ए, तोही त्यांनी आणला. पुढं निदान महिनाभर थांबून पक्क्या लायसन्सची परीक्षा. तोवर गाडीवर लाल अक्षरातलं एल. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या गाडीवर ते एल पाहून गावातली पोरं हसायची. मामूही हसायचे.

हाताची सवय मात्र कायद्यापेक्षा हट्टी निघाली. त्यांच्या कॅमरीत वळण्याचा दिवा दाखवायची दांडी स्टिअरिंगच्या डावीकडं होती. इथल्या गाडीत डावीकडं वायपर आणि उजवीकडं दिवा. त्यामुळं मामू फाट्यावर वळायचे तेव्हा रखरखीत उन्हात वायपर फिरायचे. गिअर डाव्या हातात आलेला, आणि मोकळा रस्ता दिसला की गाडी नकळत उजवीकडं सरकायची. एकदा संध्याकाळी समोरून वाळूचा डंपर आला. थोडक्यात निभावलं. त्या रात्री मामींनी सांगून टाकलं, “आता मी शिकते.”

मामी तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तर शिकवणारा मुलगा म्हणाला, “चाची, तुमच्या वयाचं कुणी येत नाही.” मामी म्हणाल्या, “मग तुला सराव होईल.” त्यांना विसरायचं काहीच नव्हतं. डावं-उजवं त्या नव्यानंच शिकल्या. पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. पुढच्या वर्षी जुनी गाडी देऊन दुसरी घेतली तेव्हा मामूंनी ती मामींच्या नावावर घेतली. मी कारण विचारलं. ते म्हणाले, “मी झालो होतो ना मालिक. आता तिला होऊ दे.”

मामूंचं गाडीचं प्रकरण संपलं, पण त्यानंतर माझ्याकडं असे कागद येतच राहिले. मस्कतहून, दोह्याहून, कुवेतहून. देशागणिक नियम थोडे वेगळे, प्रश्न तोच. विलायतेहून परतणाऱ्या एका कुटुंबाच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडं होतं, त्यांना वाटलं आपलं काम झालं. गाडीचं वय चार वर्षं निघालं. माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की गाडी आणता येत नाही याचं लोकांना फार वाटत नाही. वाटतं ते याचं, की हे कुणी आधी सांगितलं नाही. नियम इंग्रजीत आहेत. आपला माणूस शाळेत उर्दू शिकला, घरात कोकणी बोलला, बाजारात मराठी आणि कामावर मोडकीतोडकी अरबी. चार भाषांमध्ये त्याचं आयुष्य गेलं आणि पाचव्या भाषेत त्याचा निकाल लिहिलेला असतो. मग तो एजंटाकडं जातो आणि एजंट त्याला जे ऐकायचंय ते सांगतो.

आपण परदेशी जाणाऱ्या पोरांसाठी पासपोर्टची शिबिरं घेतो. जमातीच्या कार्यालयात कागद भरून द्यायला माणूस बसवतो. परत येणाऱ्यासाठी असं काही नाही. निघायच्या वर्षभर आधी करायच्या गोष्टींचा एक साधा कागद मराठीत आणि उर्दूत छापून प्रत्येक मोहल्ल्यात लावता येईल. दंड आधी तपासा. गाडी शेवटच्या महिन्यात विकू नका, भाव पडतो. डाव्या स्टिअरिंगची किंवा तीन वर्षांवरची गाडी आणायचा विचार सोडा, स्टिअरिंग बदलून देणाऱ्याच्या नादी लागू नका. आल्या आल्या शिकाऊ लायसन्सला अर्ज करा. आणि घरातल्या बाईचाही अर्ज त्याच दिवशी भरा. आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुली असा कागद सुंदर अक्षरात लिहून देतील. अरबी, उर्दू, मराठी तिन्ही शब्द शेजारी शेजारी. माझ्या वर्गात मी हा धडा घेऊनही पाहिला. ‘मालिक’ हा शब्द फळ्यावर लिहून विचारलं, तुमच्या घरात कशा-कशावर कुणाचं नाव आहे ते विचारून या. दुसऱ्या दिवशी बहुतेक मुलींनी वडिलांची आणि आजोबांची नावं लिहून आणली. दोघींनी आईचं.

मामू आता पासष्टीच्या पुढं गेलेत. गाडी मामी चालवतात. जुम्याला मशिदीपर्यंत, बुधवारी बाजारात, महिन्यातून एकदा साखर तपासायला. मामू शेजारी बसतात, डावीकडं. त्यांची एकोणतीस वर्षांची बाजू तीच. वळण आलं की त्यांचा हात अजून थोडा हलतो आणि पाय खाली ब्रेक शोधतो. मामी न बघता म्हणतात, “दिवा लावलाय मी. तुम्ही आरामात बसा.” आणि मामू बसतात.